बोट सापडते, माणूस सापडत नाही

जासईत उभं राहून समुद्रावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. इथनं समुद्र दिसत नाही, कंटेनरचे ट्रेलर दिसतात. पण हे गाव समुद्राशी किती बांधलेलं आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. दि. बा. पाटलांचं हे गाव. १९८४च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला या पट्ट्यात पाच माणसं गेली, जमिनीच्या दरासाठी. पुढे १९८९ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं. भाताची खाचरं गेली आणि त्यांच्या जागी बोटींच्या नोकऱ्या आल्या. कुणी बंदरात लागला, कुणी टगवर, कुणी सीडीसी काढून परदेशी जहाजावर गेला. मघाशी मी विचारलं की घरातलं किंवा भावकीतलं कुणी पाण्यावर काम करतं का, तर निम्म्याहून जास्त हात वर झाले. म्हणून आजचा विषय इथेच बोलायला हवा होता.

विषय साधा आहे. चालत्या बोटीवरून माणूस पाण्यात पडला, तर तो कुठे आहे हे इतरांना कसं कळतं? आणि ते कळावं म्हणून माणसानं गेल्या सव्वाशे वर्षांत काय काय केलं?

आधी पडण्याबद्दल बोलू, कारण न पडलेल्याला त्याचा अंदाज नसतो. आपली मासेमारीची ट्रॉलर आठ नॉटनं चालली आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण चार मीटर. पडलेल्यानं पाणी थुंकून डोळे पुसेपर्यंत बोट पन्नास मीटर पुढे. एका मिनिटात अडीचशे मीटर. इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कुणाला ऐकू जात नाही. रात्रीचं जाळं ओढून झाल्यावर बाकीचे झोपलेले असतात, आणि तो दिसत नाही हे चहाच्या वेळेला लक्षात येतं. तोवर बोट दहा-पंधरा किलोमीटर गेलेली. पाण्याबाहेर माणसाचं असतं काय? फक्त डोकं. नारळी पौर्णिमेला आपण समुद्रात नारळ सोडतो, तो किती वेळ नजरेत राहतो हे आठवा. लाटा नसतील तरी दोन-चारशे मीटरवर तो हरवतो. शिवाय पाणी एका जागी थांबत नाही. दोन नॉटचा ओढ असला तर तासाभरात माणूस पावणेचार किलोमीटर सरकलेला असतो.

म्हणजे बोट बुडणं आणि माणूस पडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बोट बुडते तेव्हा बोटीवरचे सगळे एकाच ठिकाणी संकटात असतात. माणूस पडतो तेव्हा बोट सुखरूप असते, तिच्यावरची सगळी यंत्रं चालू असतात आणि ती त्याच्यापासून लांब लांब जात असते. आजवरचा बहुतेक सगळा इतिहास पहिल्या प्रश्नाचा आहे. दुसऱ्याकडे लक्ष गेलं फार उशिरा, आणि आपल्याकडे तर अजून पुरतं गेलेलंच नाही.

आपल्याच दारातल्या एका गोष्टीपासून सुरू करतो. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना बाकी. आषाढी अमावस्येचे दिवस, मुंबईतली चाकरमानी मंडळी गावाकडे निघालेली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट रेवसला जायला सुटली. ही ‘माझी आगबोट कंपनी’ची बोट. स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली कंपनी, म्हणून लोकांनी तिला हे प्रेमाचं नाव दिलं, आणि तिच्या बोटींना संतांची नावं होती. अर्ध्या तासात काश्याच्या खडकाजवळ, इंग्रज ज्याला गल आयलंड म्हणायचे तिथे, वादळी वाऱ्यात लाटा आत आल्या. लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग-रेवस पट्ट्यात अशी गावं आहेत जिथे आजही आजीच्या बोलण्यात काळ ‘रामदासच्या आधी’ आणि ‘रामदासनंतर’ असा मोजला जातो.

पण मला बोलायचंय ते त्यानंतरच्या तासांबद्दल. बोट बुडाली सकाळी साडेआठच्या सुमाराला, मुंबईपासून काही मैलांवर. आणि मुंबईला ते कळलं दुपार उलटून गेल्यावर! बोटीवर वायरलेस नव्हता. पोहत, तरंगत जी माणसं किनाऱ्याला लागली, तीच बातमी घेऊन आली. त्यांच्यात लाइफबॉय धरून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आलेला रेवसचा एक कोवळा मुलगा होता, असं सांगितलं जातं. विचार करा, देशातल्या सगळ्यात मोठ्या बंदराच्या तोंडावर शेकडो माणसं पाण्यात होती आणि त्यांच्या वतीनं बोलायला यंत्र म्हणाल तर शून्य. धावून आले ते रेवसचे कोळी. मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी मासळीची पर्वा न करता पाऊणशेच्या आसपास माणसं वर ओढली. हे कोळी मी पुढे पुन्हा आणणार आहे, विसरू नका.

आता तुम्ही म्हणाल, १९४७ला वायरलेस नवा होता का? मुळीच नाही. एसओएस ही खूण १९०६ला बर्लिनच्या परिषदेत ठरली. १९१२ला टायटॅनिक बुडालं तेव्हा वायरलेसमुळेच कार्पेथिया हे जहाज वेळेवर आलं आणि सातशेच्या वर माणसं वाचली. त्यानंतर १९१४ला समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पण तो होता मोठ्या, देशोदेशी जाणाऱ्या जहाजांसाठी. रेवसची बोट त्यात कुठे बसणार? कोकणच्या किनाऱ्यानं हा धडा रामदासच्या वीस वर्षं आधी गिरवला होता. ११ नोव्हेंबर १९२७ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ अशा दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. तरीही रामदासवर वायरलेस नव्हता. इतिहासात शोध कधी लागला हे आपण पाठ करतो, तो कुणापर्यंत कधी पोहोचला हे मात्र कुणी विचारत नाही.

बरं, जहाजावरचा वायरलेस जहाजाबरोबर बुडतो. मग हाक मारणारं यंत्र जहाजापासून सुटं कधी झालं? दुसऱ्या महायुद्धात. आणि ते खलाशांसाठी झालं नाही, वैमानिकांसाठी झालं. जर्मनांनी एक हातानं फिरवायचा प्रेषक काढला, तो इंग्रजांच्या हाती लागला आणि अमेरिकेनं त्यावरून आपला बनवला. मधे बारीक, दोन्ही बाजूंना रुंद, आपल्या डमरूसारखा. तो दोन मांड्यांत घट्ट धरायचा आणि दांडा फिरवायचा. आकारामुळे सैनिकांनी त्याला त्या काळातल्या चित्रांमधल्या फॅशनेबल बाईचं नाव दिलं, गिब्सन गर्ल. [हशा] त्याची एरियलची तार वर न्यायला पेटीत पतंग असायचा, वारा नसेल तर फुगा. रबरी तराफ्यात बसलेला, भिजलेला, जखमी माणूस समुद्रात पतंग उडवतोय, असं ते चित्र.

युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलानं याहून पुढचं पाऊल टाकलं. ‘सारा’ नावाचं बीकन वैमानिकाच्या लाइफजॅकेटलाच जोडलं. शोधाला आलेल्या विमानाला त्याच्या दिशेनं जाता यायचं. मला वाटतं, ‘माणूस कुठे आहे’ या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं नीट उत्तर. यंत्र जहाजाचं नाही, विमानाचं नाही, माणसाच्या छातीवरचं. हे वैमानिकालाच का मिळालं, खलाशाला का नाही? एक वैमानिक तयार करायला सरकारला किती खर्च येतो हे सरकारला माहीत होतं. खलाशाची तशी किंमत कुणी कधी मांडली नव्हती. कडू वाटेल, पण मला दुसरं कारण दिसत नाही.

आता आकाशाकडे. १९५७च्या ऑक्टोबरात रशियानं स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत ग्वायर आणि वायफनबाख हे दोन तरुण त्याचे बीप ऐकत बसले होते. त्यांच्या लक्षात आलं की उपग्रह जवळ येताना आवाजाची पट्टी चढते आणि लांब जाताना उतरते. फलाटावर उभे असताना शिट्टी वाजवत फास्ट लोकल गेली की जे होतं तेच. याला डॉपलर परिणाम म्हणतात. या चढउतारावरून त्यांनी उपग्रहाचा मार्ग काढला. मग त्यांच्या वरिष्ठांनी प्रश्न उलटा केला: उपग्रहाचा मार्ग माहीत असेल, तर जमिनीवर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? येतं. आणि जमिनीवर ऐकणाऱ्याऐवजी ओरडणारा असेल, तरी गणित तेच.

त्या गणितावर उभी राहिली कोस्पास-सारसॅट ही व्यवस्था. गंमत बघा, शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया एकत्र आले. पहिला उपग्रह ३० जून १९८२ला गेला, तो रशियाचा. सप्टेंबरमध्ये त्यानं कॅनडात पडलेलं एक छोटं विमान शोधून दिलं आणि माणसं वाचली. तेव्हापासून आजवर जगभरात पन्नास हजारांहून अधिक माणसं या व्यवस्थेच्या मदतीनं वाचली आहेत. तिचा कारभार असा चालतो: बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण पन्नास सेकंदांनी एकदा, अर्ध्या सेकंदापुरती हाक मारतं. त्या हाकेत त्याचा स्वतःचा नंबर असतो, आणि नव्या बीकनमध्ये जीपीएसची जागाही असते. उपग्रह ती ऐकून जमिनीवरच्या केंद्राला देतो. भारतात ही केंद्रं बंगळुरू आणि लखनौला आहेत, मुख्य नियंत्रण बंगळुरूला इस्रोकडे. तिथून निरोप तटरक्षक दलाच्या मुंबईच्या समन्वय केंद्रात, आणि तिथून जवळच्या जहाजाला. मोठ्या जहाजांना असं बीकन १९९३च्या ऑगस्टपासून सक्तीचं झालं. त्याला ‘ईपर्ब’ म्हणतात. जहाज बुडालं की पाण्याच्या दाबानं ते कप्प्यातून आपोआप सुटतं आणि वर येऊन बोलायला लागतं.

तुमची मुलं ज्या जहाजांवर आहेत त्या प्रत्येकावर हे पिवळं-नारिंगी यंत्र ब्रिजच्या बाहेर लावलेलं असतं. पुढच्या वेळी तो सुट्टीवर आला की विचारा. पण हेही विचारा, तू डेकवरून पडलास तर ते यंत्र काय करेल? उत्तर आहे, काहीच नाही. ते जहाजाचं आहे. जहाज बुडालेलं नाही.

जहाजाच्या बीकनचं मोल कमी आहे असं मला म्हणायचं नाही. एक उदाहरण तर आपल्या नौदलाचं. गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधली गेली. तिच्यावरून २००९-१०मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्यानं पृथ्वीला प्रदक्षिणा घातली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीवरून, कुठेही न थांबता. टॉमी २०१८ला गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. या शर्यतीत जुन्या धाटणीच्याच बोटी चालतात. त्यांची ‘थुरिया’ ही ‘सुहेली’ या बोटीच्या घडणीची होती, आणि मूळ सुहेली बांधली गेली होती साठच्या दशकात, आपल्या मुंबईत! असो. २१ सप्टेंबर २०१८ला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून हजारो किलोमीटरवर, वादळानं त्यांची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर इजा झाली. उठता येईना. पण बीकन चालू झालं. आपलं पी-८आय विमान त्यांच्यावरून फिरून आलं आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. जगातल्या सगळ्यात एकाकी समुद्रातून तीन दिवसांत माणूस सापडला. का सापडला? कारण तो बोटीतच होता आणि बीकनही बोटीतच होतं.

आता याच्या शेजारी फ्रान्सचा एरिक ताबार्ली ठेवा. फ्रान्समध्ये शिडाच्या बोटींच्या जगात त्याला जो मान होता तो आपल्याकडे क्रिकेटमध्ये गावसकरांना. जून १९९८ला आयरिश समुद्रात, रात्री, स्वतःच्याच लाडक्या बोटीवरून तो पाण्यात गेला. अंगावर लाइफजॅकेट नव्हतं. बोटीवर साथीदार होते, बोट धडधाकट होती. त्याचा देह काही आठवड्यांनी मच्छीमारांच्या जाळ्यात आला. पोहायला येत नव्हतं म्हणून गेला, अननुभवी होता म्हणून गेला, असली कारणं इथे चालत नाहीत.

आणि त्यानंतर अँड्र्यू टेलर. मार्च २०१४, पॅसिफिक महासागर, क्लिपर शर्यत. हाही खवळलेल्या समुद्रात बोटीवरून पडला आणि पाहता पाहता दिसेनासा झाला. दीड तासाहून अधिक काळ तो पाण्यात होता. पण त्याच्या अंगावर हाताएवढं बीकन होतं. ते उपग्रहाशी बोलत नव्हतं. ते एआयएसवर बोलत होतं. म्हणजे जहाजं एकमेकांना आपली जागा सतत कळवतात त्याच पट्टीवर. त्याच्याच बोटीच्या पडद्यावर एक खूण उमटली: माणूस इथे आहे. बोट त्या खुणेवर गेली आणि तो जिवंत मिळाला.

ही दोन प्रकारची यंत्रं नीट वेगळी करून घ्या, बाजारात दोन्ही एकाच नावानं विकली जातात. एक, पीएलबी, म्हणजे व्यक्तीचं बीकन. हे उपग्रहाला हाक मारतं, जगात कुठेही चालतं, किमान चोवीस तास बोलतं. अमेरिकेत सामान्य नागरिकाला ते वापरायची परवानगी मिळाली तीसुद्धा २००३ला, यावरून ते किती अलीकडचं आहे बघा. दुसरं, एआयएसचं बीकन. हे आसपासच्या काही मैलांतल्या बोटींना हाक मारतं, आणि फुगणाऱ्या लाइफजॅकेटला लावलं तर जॅकेट फुगताच आपोआप चालू होतं. पहिल्याला एरियल उभारून बटण दाबावं लागतं. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्यानं ते कसं दाबायचं, हा प्रश्न आहेच.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. २६ नोव्हेंबर २००८ला ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट वापरून अतिरेकी मुंबईत आले. त्यानंतर सरकारचं लक्ष छोट्या बोटींकडे गेलं. वीस मीटरहून लांब बोटींना एआयएस, खलाशांना ओळखपत्रं. ते लक्ष ‘ही बोट कुणाची’ या प्रश्नाचं होतं, ‘हा माणूस कुठे पडला’ या प्रश्नाचं नव्हतं. मच्छीमार यंत्र लावून घ्यायला कुरकुरतात अशी तक्रार आपण ऐकतो. जे यंत्र आपल्यावर नजर ठेवायला आलंय असं वाटतं, त्यावर जीव कसा सोपवायचा, हे त्यांचंही म्हणणं समजून घ्यायला हवं. पण इस्रोनं याच काळात खरोखर उपयोगाची एक गोष्ट केली. ‘डॅट’, संकटाचा इशारा देणारा प्रेषक. २०१०पासून तो चालू आहे आणि वीस हजारांहून जास्त बोटींवर गेलाय. बटण दाबलं की उपग्रहामार्फत बोटीची जागा कळते. त्याच्यात एक उणीव होती, हाक ऐकली गेली की नाही हे हाक मारणाऱ्याला कळत नव्हतं. २०२४च्या दुसऱ्या पिढीत ती भरून काढली, आता ‘ऐकलं, मदत निघाली’ असा उलट निरोप येतो. पाण्यात अडकलेल्या माणसाला त्या एका ओळीनं किती बळ येत असेल! त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरला एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. तीही इस्रोच्या तंत्रावर.

चांगलं आहे. मनापासून सांगतो, चांगलं आहे. १९४७च्या सकाळशी तुलना केली तर केवढा पल्ला. पण डॅट बोटीत असतो. ट्रान्सपाँडर बोटीवर असतो. शंभर-सव्वाशे वर्षं चालत आलेली ही हाक बोटीच्या काठापर्यंत आली आणि तिथे थांबली. काठाच्या पलीकडे पडलेला खलाशी अजून १९४७मध्येच आहे.

मे २०२१ आठवा. तौक्ते वादळ. बॉम्बे हायजवळ पी-३०५ या बार्जवर २६१ माणसं होती. १७ तारखेला ती नांगर तुटून वाहवली आणि बुडाली. ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’ अशा युद्धनौका त्या भयंकर समुद्रात गेल्या आणि बार्जवरची १८६ माणसं वाचवली. नौदलाच्या त्या कामगिरीला तोड नाही. बार्ज कुठे आहे हे माहीत होतं. पण पाण्यात उड्या टाकल्यावर माणसं पांगली, अंधारात, डोंगराएवढ्या लाटांत. काहीजण हात धरून गटानं राहिले, काही एकटे. पुढे काही मृतदेह आपल्या रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही थेट गुजरातेत वलसाडला. ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली.

पी-३०५नं आणखी एक गोष्ट दाखवली, तिच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. वाचलेले अनेकजण कित्येक तास पाण्यात होते आणि जिवंत होते. उत्तर अटलांटिकमध्ये गार पाणीच माणसाला तासा-दोन तासांत संपवतं, तिथे बीकन असूनही जहाज वेळेत पोहोचेल असं नाही. आपला अरबी समुद्र कोमट आहे. लाइफजॅकेट घातलेला धडधाकट माणूस इथे रात्रभर, कदाचित त्याहून जास्त तग धरू शकतो. म्हणजे अंगावरच्या बीकनचा खरा फायदा आपल्याला जास्त आहे, आणि ती जिथे वापरली जातात ते देश बहुतेक थंड पाण्याचे! आपला माणूस लगेच मरत नाही, तो सापडत नाही म्हणून मरतो.

आणि सापडत नाही म्हणजे नुसतं मरण नाही. मंडळी, देह मिळाला नाही तर कायद्याच्या लेखी तो माणूस मेलेला नसतो. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातलं १०८वं कलम म्हणायचं, सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मृत धरावा. नव्या साक्ष अधिनियमातही तो नियम तसाच आहे. मोठ्या दुर्घटनेत प्रशासन पुढे होऊन मार्ग काढतं. पण एकटा खलाशी रात्री बोटीवरून गेला, तर त्याच्या घरी काय होतं? विम्याचा दावा अडतो. बँकेतलं खातं अडतं. सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहतं. मंगळसूत्र काढायचं की ठेवायचं हे त्या बाईनं कुणाला विचारायचं? दिवस कोणत्या तिथीला घालायचे? मी अशा एका घरात गेलो होतो, गाव सांगत नाही. भिंतीवर त्याचा फोटो होता, पण हार नव्हता. आईनं घालू दिला नव्हता. म्हणून मी या यंत्राकडे केवळ जीव वाचवणारं यंत्र म्हणून बघत नाही. जीव वाचला नाही तरी ते निदान खबर देतं.

आता व्यवहाराचं. ‘मग आणून द्या सगळ्यांना बीकन’ इतकं ते सोपं नाही. परदेशात एका पीएलबीची किंमत साधारण २५० ते ४०० डॉलर. एका ट्रॉलरवर आठ-दहा खलाशी, त्यातले कितीतरी हंगामापुरते आलेले. नाखवा कुणाकुणाला देणार? आणि मुळात लाइफजॅकेटच कुणी घालत नाही. का घालत नाही हे शहाणपण शिकवण्याआधी एकदा मे महिन्यात, भर उन्हात ते जाडजूड नारिंगी जॅकेट घालून जाळं ओढून बघा. जाळ्याच्या दोरात ते अडकतं, उलट त्यामुळेच पडायची भीती. कमरेला पट्ट्यासारखं बांधायचं, पाण्यात पडल्यावर फुगणारं जॅकेट मिळतं, ते कामाच्या आड येत नाही. सुरुवात तिथून व्हायला हवी. यंत्र त्याच्यावर बसेल.

आणि दोन यंत्रांपैकी कोणतं, असं विचाराल तर माझं मत सांगतो, पटलं नाही तर नंतर भांडा. भर महासागरात एकट्यानं जाणाऱ्याला उपग्रहाचंच हवं, आणि तुमच्या मालवाहू जहाजावरच्या मुलालाही तेच उपयोगी. पण आपल्या किनाऱ्यालगतच्या मासेमारीत आधी शेजारच्या बोटीला हाक जायला हवी. इथे मी रेवसच्या कोळ्यांना परत आणतो. १९४७ला माणसं वर ओढली ती जवळून जाणाऱ्या होड्यांनी. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही शंभराच्या आसपास माणसं वाचली ती आजूबाजूच्या बोटी धावल्या म्हणून, आणि त्यातले कितीतरी आपल्या जेएनपीटीच्या दवाखान्यात आणले गेले. पंधरा माणसं गेली. आपल्या पाण्यात शेजारी नेहमीच असतो. करंजाच्या बोटी एकेकट्या जात नाहीत, थव्यानं जातात. त्या शेजाऱ्याच्या केबिनमधल्या पडद्यावर खूण उमटली तर तो वीस मिनिटांत येईल. उपग्रहाचा निरोप बंगळुरूहून मुंबईला येऊन हेलिकॉप्टर निघेपर्यंत वाट बघायची गरज पडू नये. ट्रान्सपाँडरच्या योजनेत बोटी एक लाख आहेत. त्याच योजनेत बोटीमागे दोन-तीन अंगावरची बीकन जोडा, निदान रात्री डेकवर जो असेल त्याच्यासाठी, ही मागणी मच्छीमार सोसायट्यांनी करावी असं मला वाटतं. ती अजून कुणी जोरानं केल्याचं माझ्या कानावर नाही.

पीएलबी घेणार असाल तर एक सांगून ठेवतो. ते दुकानातून आणून खिशात टाकायचं नसतं. त्याचा नंबर बंगळुरूच्या केंद्राकडे नोंदवावा लागतो, घरच्या दोन माणसांच्या फोनसकट. हाक आली की तटरक्षक दल आधी त्या फोनवर विचारतं, माणूस खरंच समुद्रात आहे का. परदेशातून आणलेलं, दुसऱ्याच देशाच्या नावावर नोंदवलेलं बीकन वाजलं तर हाक आधी त्या देशाकडे जाईल, आणि इथे वेळ जाईल. बॅटरीवर तारीख असते, ती बघा. आणि तपासायचं म्हणून खरं बटण दाबू नका, त्याला चाचणीचं वेगळं बटण असतं.

तटरक्षक दलाचा फुकट नंबर १५५४. व्हीएचएफवर चॅनल सोळा. माणूस पडला की पहिल्यांदा जीपीएसवरचं एमओबी बटण दाबा, म्हणजे जागा तरी पक्की राहते. एकानं बोट दाखवून त्याच्यावरची नजर हलवायची नाही, बाकीच्यांनी बोट वळवायची. ही माहिती लिहून घ्यायची असेल तर दोन मिनिटं थांबतो. मागे कुणाचा तरी हात केव्हापासून वर आहे, बहुतेक करंजाहून आलेत. माईक त्यांच्याकडे द्या.